आमचे फौजी आजोबा आणि त्यांची न वाचलेली पत्रं

शेंगाचटणी

आईचे वडील गेल्या महिन्यात गेले. ८७ वर्षांचे होते. शेवटपर्यंत दाढी स्वतःच्या हाताने करायचे, आणि आम्हाला वाटायचं तेवढे बहिरेही नव्हते. पेठेत त्यांना सगळे 'मिलिटरी' म्हणायचे. 'मिलिटरीच्या घराशेजारी' एवढं सांगितलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा.

तेराव्याला आलेली माणसं लढाईबद्दल विचारत होती आणि आमच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९५७ ला बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती, १९६५ आणि १९७१ दोन्ही पाहिले, १९७८ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. ७१ ला जमालपूरला होते, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात. "आजोबा, तिथं काय झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय व्हायचंय, लै थंडी होती." संपलं. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही पदकं आजीने ट्रंकेत नऊवारीच्या घडीत ठेवलेली होती, डांबराच्या गोळ्यांसकट.

आम्हाला ठाऊक असलेला माणूस वेगळाच. पेन्शनीत आल्यावर ते एका मिलच्या गेटवर रात्रपाळीला लागले. सकाळी घरी आले की आधी आंघोळ, मग आम्हा तिघी मावस-मामेबहिणींच्या वेण्या. आईला घाई असायची, मामीला स्वयंपाक, म्हणून हे खातं त्यांच्याकडे. तेल लावून, मधोमध भांग पाडून, तीन पेडी अशी काही ओढून घालायचे की भुवया वर चढायच्या. शाळेत मुली विचारायच्या, "आज पण आजोबांनी घातली?" ती वेणी रात्री झोपताना सोडली तरी केस तसेच वळलेले राहायचे. रिबिनीची दोन्ही टोकं सारखी नसतील तर पुन्हा सोडून बांधायचे, मग शाळेची घंटा होवो नाहीतर काही.

पुढे आजीला काचबिंदू झाला. नजर गेली तेव्हा तिला रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचे, तोही कन्नड. आजी अक्कलकोट तालुक्यातली, चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली. तिला देवनागरी कधी नीट आलीच नाही. मराठी बोलायची मात्र अशी की भाजीवाला भाव करायला घाबरायचा. आजोबा कन्नड पेपर ठेचकाळत वाचायचे आणि ती मध्येच "तसं नव्हे, पुन्हा वाचा" म्हणायची. आम्हाला यात काही विशेष वाटलं नाही. सोलापुरात कुणाला दोन भाषा येत नाहीत?

आता मुद्द्याचं. ट्रंक आवरताना तळाशी निळ्या इनलँड पत्रांचा गठ्ठा निघाला. वर सुतळी बांधलेली. पाठवणाऱ्याच्या जागी आजोबांचा नंबर, हुद्दा आणि '५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस), काहींवर '९९ एपीओ'. आतला मजकूर सगळा कन्नड. आई, मामा, मावशी, कुणालाच कन्नड लिपी येत नाही. मामाच्या ऑफिसातल्या धारवाडच्या एका गृहस्थांना एक पत्र दाखवलं. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि "याचा काही अर्थ लागत नाही" म्हणून परत दिलं. बऱ्याच पत्रांवर पेन्सिलीच्या खुणाही आहेत, काही अक्षरांभोवती गोल केलेत.

इथे जुनं कन्नड हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का? एका पत्राचा फोटो चढवते आहे.

---

चौपाडकर

भावपूर्ण श्रद्धांजली. वेण्यांचं वाचून हसू पण आलं आणि गलबललं पण. पेठ कुठली ओ? बाळीवेस का? आमच्या गल्लीत पण एक 'मिलिटरी' होते, पण ते आम्हाला बॉल परत द्यायचे नाहीत.

---

शेंगाचटणी

पेठेचं नाव नको, अर्धं सोलापूर ओळखेल. बॉल आमचे आजोबा पण द्यायचे नाहीत. रविवारी संध्याकाळी सगळे एकदम द्यायचे.

---

निवृत्त_सुभेदार

ताई, तुमच्या आजोबांना माझा सॅल्यूट. मी त्यांच्या बराच मागून भरती झालो, पण सेंटर तेच, बेळगाव.

जमालपूर म्हणजे पहिली मराठा, आमची जंगी पलटण. १७६८ साली उभी राहिलेली, रेजिमेंटमधली सगळ्यात जुनी. १९७१ ला लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या पाठीमागे गेली आणि ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवून बसली. गावात पाकिस्तानची ३१ बलुच. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर उलट चिठ्ठीत गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली. हे सेंटरमध्ये प्रत्येक रिक्रूटला सांगतात. १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी रस्ता फोडून निघायचा जोर केला. आपल्या लोकांनी खंदकातून रात्रभर थोपवून धरलं. ११ ला जमालपूर पडलं, १६ ला ढाका.

"लै थंडी होती" हे खोटं नाही. नदी ओलांडून शत्रूच्या मागे जायचं तर अंगावर दारूगोळा घ्यायचा की ब्लँकेट? डिसेंबरची रात्र, नदीकाठ, ओल्या मातीचा खंदक. माझ्या पहिल्या हवालदार मेजरसाहेबांनी पण मला युद्धाबद्दल पायाच्या बोटांचंच सांगितलं होतं.

९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडची पोस्टिंग, ५६ म्हणजे पश्चिमेकडची. गठ्ठा लावताना त्यावरून साल काढता येईल.

एक शंका आहे. फील्डमध्ये पत्र बाहेर जाण्याआधी सेन्सॉर होतं, कंपनीचा अधिकारी वाचून सही करतो. कन्नड पत्र असेल तर साहेबाला कळणार नाही, मग कन्नड येणाऱ्या कुणाकडे तरी द्यायचं. म्हणजे तुमच्या आजोबांची प्रेमपत्रं आधी एखादा बैलहोंगलचा नाईक वाचत असणार!

---

परखड

आजोबांबद्दल आदर आहेच, पण एक वेगळं बोलते. अशा धाग्यांवर 'कुटुंबवत्सल जवान' म्हणून हार घातला जातो तेव्हा मला ते कुटुंब वीस वर्षं चालवलं कुणी, हे विचारावंसं वाटतं. माझे वडील सिग्नल्समध्ये होते. वर्षाला दोन महिने यायचे, आम्हाला चॉकलेटं द्यायचे आणि देव व्हायचे. उरलेले दहा महिने ओरडणारी, रेशनच्या रांगेत उभी राहणारी, दिराची बोलणी खाणारी आई वाईट ठरायची. आजीबद्दल लिहा ना.

---

मिलचा_भोंगा

परखडताई, +१.

अवांतर: मिलच्या गेटवर रात्रपाळी म्हणजे मोठं काम होतं बरं का. आजच्या पोरांना वाटतं वॉचमन म्हणजे खुर्चीत झोपणारा. तीन पाळ्या, हजारो माणसं आत-बाहेर, सुताच्या चोऱ्या, युनियनच्या मारामाऱ्या. अख्खं सोलापूर भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की बायका तवा टाकायच्या. १८७७ ला जुनी मिल निघाली तिथपासून. मग एकेक करून सगळ्या बंद पडल्या, चिमण्या तेवढ्या राहिल्या, पुढे त्याही पाडल्या. आमच्या वडिलांची देणी अजून कागदावर आहेत, मिलचं नाव घेत नाही, बीपी वाढतो.

---

शेंगाचटणी

@परखड, बरोबर बोललात. आजी असती तर तुम्हाला कडक भाकरी आणि दही देऊन बसवून घेतलं असतं.

आईचा जन्म १९७२ चा, दुष्काळातला. तेव्हा आजोबा पूर्वेकडेच होते. घरी सासू, थोरला मामा चार वर्षांचा, आणि पोटात आई. आजी शेजारच्या पद्मशाली बायकांच्यात बसून विड्या वळायला शिकली. तेलुगू पण तिथंच शिकली. पान भिजवून, कात्रीने कापून, तंबाखू भरून, दोरा बांधून, तोंड बंद करायचं. म्हातारपणी नजर गेल्यावरही कागदाचा कपटा हातात आला की तिची बोटं वळायला लागायची. पाणी आणायला पहाटे उठायची. विहिरी आटल्या होत्या, मदतीच्या सुकडीचे आणि मिलो ज्वारीचे दिवस. सासूशी पटायचं नाही. हे सगळं ती हसत सांगायची आणि आजोबा तेव्हा उठून अंगणात जायचे.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी घरातली तीन कामं कुणाला हात लावू दिला नाही: पाणी भरणं, रात्रीची भांडी आणि मुलींच्या वेण्या. भांड्यांवरून गल्लीतली माणसं चिडवायची. मिलिटरी भांडी घासतात म्हणून पोरं बघायला यायची. ते म्हणायचे, लंगरमध्ये घासलेली चालतात, घरात का नाही?

---

बेळगावी_कुंदा

फोटो मोठा करून बघितला. आमचं सगळं शिक्षण कन्नड मीडियममध्ये झालंय, घरात मराठी.

पहिली गंमत म्हणजे लिहिणाऱ्याने प्रत्येक शब्दावर देवनागरीसारखी आडवी रेघ मारलीय! कन्नड अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ मी जन्मात पाहिली नव्हती. सवय कुठून जाणार माणसाची.

दुसरी गंमत मोठी आहे. धारवाडचे गृहस्थ बरोबर होते, कन्नड म्हणून याचा अर्थ लागतच नाही. मीही पहिल्या दोन ओळी तशाच वाचल्या आणि डोकं धरून बसलो. मग मोठ्याने वाचून बघितलं तर बायको आतून म्हणाली, "कुणाचं पत्र वाचताय?" तिला कळलं! अहो ताई, अक्षरं कन्नड आहेत, भाषा मराठी. तुमच्या आजोबांना कन्नड येतच नसणार फारसं. त्यांनी फक्त अक्षरं शिकली.

---

चौपाडकर

काय सांगता!!

---

शेंगाचटणी

हात थरथरतोय टाइप करताना. आत्ता आईला वाचून दाखवलं. म्हणूनच ते पेपर ठेचकाळत वाचायचे! त्यांना वाचता यायचं, कळत नव्हतं. कळायचं आजीला.

कुंदासाहेब, पुढचं वाचाल का?

---

निवृत्त_सुभेदार

वा हवालदारसाहेब! आता सेन्सॉरचं कोडं अजूनच अवघड झालं. कन्नडवाल्याला भाषा कळेना, मराठी साहेबाला अक्षर कळेना. दोघांना शेजारी बसवून वाचून घेतलं असणार. पलटणीत बेळगाव-धारवाडकडचे जवान पुष्कळ, अक्षरं शिकवणारा मिळायला अडचण नसावी. फौजेत 'गणपत' म्हणतात आम्हा मराठ्यांना, साधा-सरळ म्हणून. हा गणपत भलताच हुशार निघाला.

---

बेळगावी_कुंदा

घ्या. काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, ज-झ मी अंदाजाने लावलंय. तारीख ३ जानेवारी १९७२ आहे. घरच्यांची नावं असलेली ओळ गाळली. बाहेरच्यांसाठी: गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा, अक्षता आणि नंदीध्वज तिथलेच.

"श्री सिद्धेश्वर प्रसन्न. मी खुशाल आहे. इकडचं काम झालं. कुठं आहे ते लिहायचं नाही. नदी आपल्या भीमेपेक्षा लै मोठी, पूर आल्यावर पंढरपुरात दिसते त्याच्यापेक्षा मोठी, आणि पूर नसताना. तू तारेची वाट बघत बसली असशील. तार आली नाही म्हणजे मी आहे असं समजत जा. सुट्टी मार्चच्या आधी नाही. गड्ड्याला थोरल्याला ने, पण अक्षतेच्या दिवशी गर्दीत शिरू नको, तुला सातवा आहे. लांबून नंदीध्वज दाखव. पाळण्यात बसवायचं तर माझ्या भावाला संगं घे. मनिऑर्डर ८० ची केली. त्यातली तुला वहाण घे. मागच्या वेळचे पण तू घरात घातलेस, आईने पत्रात कळवलं. ती तुझी चहाडी करत होती पण मला बरं वाटलं. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नको. मागच्या पत्रात ळ चुकला असं तू कळवलंस, ह्या पत्रात बघ. आणखी चुकलं तर खूण करून ठेव आणि बरोबर कसं ते लिहून पाठव. इकडं शिकवणारा आता नाही. कळावे."

पेन्सिलीच्या खुणांचा उलगडा झाला. गोल केलेली सगळी अक्षरं खरंच चुकलेली आहेत. ह्या पत्रात चार. ळ मात्र बरोबर आहे, आणि त्याच्या बाजूला पेन्सिलीने टिकमार्क आहे.

---

परखड

टिकमार्क. मेले.

माझं आधीचं म्हणणं मागे घेत नाही, पण अशी परीक्षा देणारा नवरा असेल तर थोडं सोडून देऊ.

---

मिलचा_भोंगा

"इकडं शिकवणारा आता नाही" ह्या वाक्यावर मी थांबलो. तारीख बघा, ३ जानेवारी. बदली झाली असंही असेल.

---

निवृत्त_सुभेदार

असेलही. मी त्यावर काही बोलत नाही.

---

शेंगाचटणी

आईला रात्री पूर्ण वाचून दाखवलं. 'सातवा' म्हणजे तीच. ती पत्रातल्या वहाणेवर अडून बसलीये. तिच्या म्हणण्याप्रमाणे आजीने त्या वेळी वहाण घेतलीच नाही, त्या पैशांची मामाला स्वेटर घेतली, आणि आजोबा मार्चमध्ये आल्यावर यावरून दोघांचं चांगलं वाजलं होतं. हे भांडण घरात प्रसिद्ध आहे, कारण आजोबांचा आवाज चढलेली ती एकच वेळ. भांडणाचं मूळ आज कळलं. मामा म्हणतो, स्वेटर टोचायची.

मावशी आणि मामाचं आता ठरतंय की सगळी पत्रं वाचून घ्यायची की नको. मामा म्हणतो, "कुणाकडून वाचून घेऊ नको" असं त्यांनीच लिहिलंय. मावशी म्हणते, आजीने पत्रं जाळली नाहीत, जपून ठेवली, म्हणजे तिची परवानगी आहे. मला मावशीचं पटतं.

---

नवीन_सदस्य

नमस्कार, विषयाला सोडून विचारतो, माफी असावी. माझेही आजोबा माजी सैनिक होते, गेल्या वर्षी वारले. आजीची फॅमिली पेन्शन अजून सुरू नाही. कागदावर आजीचं नाव वेगळं आहे म्हणतात. कुठे जायचं?

---

निवृत्त_सुभेदार

विषयाला सोडून नाही, हाच खरा विषय आहे. बहुतेक घरात हेच होतं. डिस्चार्ज बुकात बायकोचं माहेरचं नाव किंवा लाडाचं नाव, आधारवर तिसरंच, जन्मतारीख चौथीच. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मृत्यूचा दाखला, आजीचं आधार-पॅन आणि बँक पासबुक घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर असेल तर मृत्यूची नोंद तिथे करावी लागते. नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र करून रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो, ते पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलण्याचा आदेश काढतात. मराठा असेल तर रेकॉर्ड बेळगावला. एजंटला पैसे देऊ नका. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स दोन-दोन ठेवा आणि दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

ज्यांचे वडील-आजोबा हयात आहेत त्यांनी आजच पीपीओ काढून नावं तपासा. माणूस असताना एका सहीचं काम असतं, नंतर चपला झिजतात.

---

नवीन_सदस्य

खूप धन्यवाद साहेब. सोमवारी जातो.

---

चौपाडकर

शेंगाचटणी ताई, पत्रं कुणाला तरी द्या, संग्रहालय वगैरे. मराठी भाषा कन्नड अक्षरात, आणि वर शिरोरेघ! पंढरपुरापासून विजापुरापर्यंतच्या ह्या पट्ट्याचा इतिहास त्यात आहे.

---

शेंगाचटणी

देणार नाही, निदान आत्ता तरी. आधी घरातल्यांना वाचू देत. माझ्या मुलीने कन्नड बाराखडी डाउनलोड केलीये, भिंतीवर चिकटवलीये. दोन दिवसांचा उत्साह असेल, बघू.

कुंदासाहेब, आणखी पत्रं पाठवू का? त्रास होत नसेल तर. व्यक्तिगत निरोपात पाठवते, इथे नको.

---

बेळगावी_कुंदा

त्रास कसला, बायको रोज विचारतेय पुढचं पत्र आलं का. फक्त फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, निळ्या कागदावर शाई दिसत नाही. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात, पत्र काचेखाली न दाबता सपाट ठेवून काढा. घडीवर फाटलेलं असेल तर चिकटपट्टी अजिबात लावू नका. आणि मागची बाजू पण पाठवा. पत्ता लिहितात त्या बाजूला घडीच्या आत सुद्धा पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसतंय, ते अक्षर आजोबांचं नाही.